घड्याळाला मांड्या दिसत नाहीत : एआय कोचबरोबर दहा महिने

जानेवारीत धावण्याचा सराव आखून देणारं एआय ॲप घेतलं, आता नोव्हेंबर उजाडलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. वय 43, साताऱ्यात टेबलावरची नोकरी, व्यायाम म्हणजे रात्रीची शतपावली. डोक्यात एकच खूळ होतं, सप्टेंबरची सातारा हिल हाफ मॅरेथॉन. 21.1 किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं.

ॲपचं काम असं: मनगटावरच्या घड्याळातून हृदयाचे ठोके, झोप, वेग घेतं आणि उद्या किती धावायचं ते ठरवतं. काही विचारलं तर उत्तर देतं, मराठीतसुद्धा. मराठी मात्र बँकेच्या एसएमएससारखं, ‘आपल्या विश्रांतीच्या दिवसाचा आनंद घ्या!’ वार्षिक वर्गणी साडेतीन हजारांच्या आसपास.

पहिले तीन महिने मी त्याच्यावर खूश होतो, आणि ते खोटं नाही. पोट सुटलेल्या माणसाला मैदानावर चार पोरांसमोर हाशहुश करायची लाज वाटते. ॲपला लाज नाही, आपल्यालाही मग वाटत नाही. एप्रिलमध्ये एका सकाळी त्यानं धावणं रद्द केलं. झोपेतले ठोके एरवी 58 असायचे, त्या रात्री 67. मला काहीच होत नव्हतं. संध्याकाळी ताप चढला. त्या दिवशी मी घरात सगळ्यांना घड्याळ दाखवत फिरलो.

गाडी अडली घाटात. ॲपनं माझे कमाल ठोके 220 वजा वय, म्हणजे 177 धरले होते. हे सूत्र सरासरीचं आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. ठोके मोजणारा छातीचा पट्टा लावून घाट चढलो तर 186 दिसले. म्हणजे तोवर जिथं ‘धोका, हळू’ म्हणून मनगट थरथरायचं, तिथं मी बऱ्यापैकी मजेत होतो. आकडा हातानं बदलता येतो, पण ती सोय सेटिंगमध्ये कुठल्या कुठे दडवलीय. पावसाळ्यात आणखी गंमत. मनगटावरचं घड्याळ हिरवा उजेड टाकून रक्ताची हालचाल बघतं. पट्टा सैल, हात ओला, की ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतं. निवांत पळतोय आणि ठोके 172!

खरा दणका जुलैत. घाट चढून, उतारावर मस्त सुटलो. सात किलोमीटर नुसता उतार, ठोके 130 च्या आत. ॲपनं शेरा दिला, ‘हलका व्यायाम’. दुसऱ्या दिवशी म्हणे शरीराची तयारी 92 टक्के, वेगाचा सराव करा. आणि मी घराच्या जिन्यावरून कठडा धरून, तोंड भिंतीकडे करून, एकेक पायरी आडवा उतरत होतो. बायकोनं व्हिडिओ काढलाय.

शेजाऱ्यांनी मग शाहू स्टेडियमवरच्या सरांकडे नेलं. फौजेतून निवृत्त, साठीच्या पुढचे, महिना आठशे रुपये. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी तो बघितलाच नाही, गुडघ्याच्या वर अंगठा दाबला. मी ओरडलो. म्हणाले, “चढाला छाती लागती, उताराला मांड्या. उतार कधी शिकलास का?”

उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. हृदयाला यातलं काही कळत नाही, ते आरामात असतं. घरी येऊन हेच ॲपला विचारलं, तर त्यानं अगदी बरोबर, मुद्देसूद उत्तर दिलं. चिडायला झालं. सगळं ठाऊक होतं बाबाला! मी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं, आणि काय विचारायचं हे मला आधी कुठून कळणार?

सरांनी दर दहा दिवसांनी उताराचा थोडाथोडा डोस लावला. आधी एक किलोमीटर, पावलं छोटी, टाच आपटायची नाही. एकदा मार खाल्लेला स्नायू पुढच्या वेळी कमी दुखतो, तेवढ्याच हिशोबावर. उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायची, त्यावर त्यांचा एकच प्रश्न, “रोज कुठल्या कडंनं पळतोस?” समोरची गाडी दिसावी म्हणून मी कायम उजव्या कडेनं. रस्ता मधे उंच, कडेला उतरता, म्हणजे उजवा पाय रोज खोलात. मैदानावर आणलं, तीन आठवड्यांत दुखणं गेलं.

सरही काही देव नाहीत. लिहून काही ठेवत नाहीत, पेरणीला तीन आठवडे गायब होते, आणि पळताना पाणी प्यायचं नाही हा त्यांचा जुना हट्ट आहे. तो मी सरळ धुडकावतो. पाण्याच्या बाबतीत ॲप शहाणं.

शर्यत पूर्ण झाली, 2 तास 31 मिनिटांत. ॲपचा अंदाज 2 तास 4 मिनिटं होता. जिना मात्र दुसऱ्या दिवशी सरळ उतरलो.

एकट्यानं, सपाट रस्त्यावर, शून्यातून सुरुवात करणाऱ्यानं पहिली तीन-चार महिन्यांची वर्गणी जरूर भरावी. घाट असेल, जुनं दुखणं असेल, तर आधी माणूस शोधा. माझं ऑटो-रिन्यू बंद केलंय. झोपेचा आणि ठोक्यांचा आलेख फुकटच्या भागातही दिसतो, तेवढा मला पुरे. परवा सरांनी तो आलेख पहिल्यांदाच नीट बघितला, चष्मा वर करून, आणि म्हणाले, “दोन दिवस तुझं घड्याळ दे की. मला रातचं झोप लागत न्हाई.”