५९९ चं कनेक्शन, ७०६ रुपये ८२ पैशांचं बिल

मी अमळनेरला घरूनच जीएसटीचे आणि इन्कमटॅक्सचे रिटर्न भरून देते. बियाण्याचे दुकानदार, दोन जिनिंगवाले, एक सराफ आणि बाकी किराणा, एवढी माझी गिऱ्हाइकं. नेट बंद पडलं की माझं काम बंद. म्हणून जवळजवळ दोन वर्षं वापरलेल्या फायबर कनेक्शनबद्दल नीट सांगावंसं वाटतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण धुळ्यापासून भुसावळपर्यंत कोणाचंही पत्रक उचला, मजकूर थोड्याफार फरकाने हाच असतो.

कनेक्शन घेतलं १ फेब्रुवारी २०२४ ला. दुसऱ्या दिवसापासून गावात साहित्य संमेलन होतं, घरी पाहुणे यायचे होते. पेपरात घालून आलेलं पत्रक समोर होतं: महिन्याला ५९९, ५० एमबीपीएस अनलिमिटेड नेट, लँडलाइन फुकट, वर टीव्हीचे चॅनल आणि दोन ओटीटी. बिलं वाचण्यात माझा दिवस जातो, तरी त्या गडबडीत मी ५९९ च्या शेजारचं बारीक '+ जीएसटी' सोडून दिलं. १८ टक्के धरले की महिन्याचे ७०६ रुपये ८२ पैसे होतात. सहा महिन्यांचे एकदम भरले तर जोडणीचे हजार रुपये माफ होते, म्हणून ४,२४०.९२ एका दमात भरले. राउटरच्या डिपॉझिटचे १,५०० वेगळे, ते कनेक्शन सोडताना परत मिळतात. त्याची पावती आठवणीने मागून घ्या, मला दोनदा मागावी लागली. आणि दुकानाच्या नावावर कनेक्शन असेल तर आपला जीएसटी नंबर बिलावर चढवायला सांगा. तो असला तर त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जण ते दरमहा सोडून देत होते.

नेटबद्दल तक्रार नाही. राउटरला वायर लावून मोजलं तर ४७-४८ एमबीपीएस कायम मिळतं. हा आकडा मेगाबिटचा असतो. ८ ने भागायचं, म्हणजे ५० च्या प्लॅनवर फाइल उतरते ती सेकंदाला फार तर सहा एमबीच्या वेगाने. आमचं घर जुनं, धाब्याचं आहे. मातीच्या भिंती दीड-दीड हात जाड, आणि माझी कामाची खोली मागच्या अंगाला. तिथे वायफाय सहा-सात एमबीपीएसवर यायचं. जोडायला आलेल्या भाऊंनी भिंतीवर हात मारून बघितला. "ताई, वायफायचा पाच गिगाहर्ट्झवाला सिग्नल इथून पार होत नाही, दोन पॉइंट चारवाला थोडाफार येईल," असं ते आधीच म्हणाले होते. शेवटी खिडकीतून लॅनची केबल ओढून घेतली. जुन्या वाड्यात राहणाऱ्यांनी जास्त स्पीडचा महाग प्लॅन घेण्याआधी हा केबलचा खर्च करावा. भिंतीपुढे १०० एमबीपीएसचंही काही चालत नाही.

'अनलिमिटेड'चा अर्थ पत्रकाच्या मागच्या बाजूला होता. महिन्याला १,००० जीबी झाले की वेग २ एमबीपीएसवर उतरतो. २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात, त्याआधी ५१२ केबीपीएस पुरायचे. म्हणजे मर्यादा संपल्यावरही कंपनी कागदावर बरोबर राहते आणि आपल्या घरात व्हिडिओ अडकतो. आम्ही १,००० पर्यंत कधी पोचलो नाही, पण टीव्ही दिवसभर नेटवरच चालत असेल तर हा आकडा विचारून घ्या.

आता फोनबद्दल. आमच्याकडे तांब्याच्या तारेवरचा फोन होता, २७ वर्षं एकच नंबर. सासूबाईंच्या माहेरी तो सगळ्यांना पाठ. नव्या कंपनीत नंबर नेता येईल असं मी धरून चालले होते, कारण मोबाइलचा २०११ पासून तसा नेता येतो. लँडलाइनचा येत नाही. तशी सोयच आपल्याकडे नाही. नवा नंबर मिळाला, फोनचं यंत्र आपणच आणायचं होतं, ते ६५० चं आणलं. मग सासूबाईंची फोनची डायरी घेऊन बसले. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबावा लागतो, आणि डायरीत एकाही नंबरापुढे शून्य नव्हता. त्या नंबर सांगत होत्या, मी लाल पेनने शून्य टाकत होते. चार पानं झाली.

मार्चअखेरीस एका दुपारी लाईट गेली. सासूबाईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि माझ्याकडे बघितलं. "काय वं, लाईट गई ते फोन बी गया? आपला जुना फोन असा नही व्हता." त्यांचं बरोबर होतं. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्ट यायचे, घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. घरातला डबा बंद पडला की नेट आणि फोन दोन्ही बंद. दीपनगरच्या वीज केंद्राची चिमणी आपल्याच जिल्ह्यात आहे, तरी उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत लाईट किती वेळ असते ते खान्देशात कोणाला सांगायला नको. 'फोन फुकट' असं लिहिणाऱ्याने 'लाईट असेपर्यंत' हे त्याच ओळीत, त्याच अक्षरात लिहिलं पाहिजे. घरात एकटं म्हातारं माणूस असेल तर याच्यावर जीव टांगून ठेवू नका. आम्ही राउटरला लावायचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस १,३०० ला घेतला, तीन तास निघतात. एवढा तरी घ्याच.

फुकट कॉलचं म्हणाल, तर घरातल्या तिन्ही मोबाइलवर अमर्याद बोलणं आधीपासूनच होतं. तेच बोलणं आम्हाला दुसऱ्यांदा विकलं गेलं. उलट बाजूने मात्र फायदा काढता आला. फायबर आल्यावर आमच्या ह्यांच्या मोबाइलचा रोजचा डेटा पडून राहू लागला. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएसचे वेगळे पॅक द्यायला लावले, ते ३६५ दिवसांपर्यंतचे असू शकतात. ह्यांचा आणि सासूबाईंच्या बटणाच्या फोनचा पॅक आम्ही तसा करून घेतला. अॅपमध्ये तो वरच दिसेल असं नाही, शोधावा लागतो. २८ दिवसांच्या पॅकने वर्षात १३ रिचार्ज होतात, हेही त्या निमित्ताने घरात सगळ्यांना मांडून दाखवलं.

हाच दिवसांचा हिशेब मला फायबरमध्ये नडला. कंपनीचे सहा महिने म्हणजे १८० दिवस. ३१ जुलैपर्यंत पैसे भरलेत असं मी समजत होते, आणि ३० जुलै २०२४ ला सकाळी नेट बंद. ३१ ही इन्कमटॅक्स रिटर्नची शेवटची तारीख, टेबलावर अकरा फायली. धावत काउंटरवर गेले तर कळलं, ५९९ हा पहिल्या सहा महिन्यांचा भाव होता, आता ६९९. करासह सहा महिन्यांचे ४,९४८.९२. मी विचारलं, नुसतं नेट आणि फोन, टीव्ही-ओटीटी नको, असं काही आहे का? मुलाने ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला. ४४९. वेग तोच, मर्यादा तीच, फोनही त्यात. आधीच हे घेतलं असतं तर पहिल्या सहा महिन्यांत १,०६२ रुपये वाचले असते. तो कागद काउंटरवर का नसतो, याचं उत्तर मला मिळालं नाही, आणि याचा राग मला अजून आहे. आमच्या घरात ओटीटी एकदाही उघडलं गेलं नव्हतं.

दुरुस्तीचा अनुभव दोन टोकांचा. सप्टेंबरात, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, कोपऱ्यावर जेसीबीने फायबर तोडली. राउटरवर लाल दिवा. तक्रार नोंदवली, दुसऱ्या दिवशी 'तक्रार निकाली' असा मेसेज आला आणि दिवा लालच. चार दिवस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर थ्री-बी, म्हणजे जीएसटीचे महिन्याचे रिटर्न, भरले. एक दिवस उशीर झाला तर गिऱ्हाइकाला ५० रुपये लेट फी लागते, ते मी कोणाला लागू दिले नाहीत. २० तारखेला संध्याकाळी लाइनमन भाऊ आले. पायरीवर रुमाल अंथरला, केसाएवढी काच सोलली, पुसली, कापली आणि मशीनमध्ये ठेवली. छोट्या पडद्यावर दोन टोकं एकमेकांसमोर येऊन जुळताना दिसली. दहा मिनिटांचं काम, पण हात असा की बघत राहावं. चहा घेतला नाही, अजून सहा घरं बाकी होती. चार दिवसांचे पैसे कॉल सेंटरने नाकारले, तेव्हा मी अपील केलं. प्रत्येक कंपनीला अपील अधिकारी नेमावाच लागतो, अपिलाला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. तक्रारीचा क्रमांक तेवढा जपून ठेवायचा. ७० रुपये ६४ पैसे माझ्या खात्यात जमा झाले.

४४९ च्या प्लॅनला मी पाचपैकी चार देते, ५९९ च्या गठ्ठ्याला दोन. लाइनमन भाऊंना पाच. १८० दिवसांच्या हिशेबाने माझी शेवटची तारीख सरकत सरकत २० जानेवारीवर आली आहे, आणि २० ला थ्री-बी असतो. या वेळी १५ लाच काउंटरवर जाऊन पैसे भरणार आहे, ५२९.८२ गुणिले सहा, आणि पावतीवर शेवटची तारीख लिहून घेणार आहे.