'लीड' म्हणून आम्हालाच विकलेले आमचे ग्राहक

पैसे भरून ऑनलाइन डिरेक्टरीत नाव लावलं आणि फोनच आले नाहीत, अशी माझी तक्रार नाही. फोन आले, चांगले आले. त्यांच्या डॅशबोर्डवरचा आलेख महिन्यागणिक चढत होता. पण त्यातले कितीतरी फोन आमच्याच जुन्या ग्राहकांचे होते, आणि ते 'लीड', म्हणजे नव्या ग्राहकाची चौकशी, म्हणून आमच्यापर्यंत 'आणून दिल्याचे' पैसे आमच्याकडूनच घेतले जात होते. कागदोपत्री हा प्रकार इतका स्वच्छ आहे की तक्रार करायला गेलं तर बोट कुठे ठेवायचं तेच कळत नाही. म्हणून जरा तपशिलात लिहिते.

आमचा व्यवसाय घरगुती उपकरणं दुरुस्त करण्याचा. वॉशिंग मशीन, फ्रिज, ओव्हन. भाऊ आणि कारागीर कामावर जातात. फोन, बिलं, हिशेब माझ्याकडे. काम बहुतेक तोंडी शिफारशीवर चालत आलेलं.

त्या साइटवर आमचं पान आम्ही न बनवताच होतं. नाव बरोबर, पत्ता जुना, आणि खाली एकुलता एक रिव्ह्यू, एका ताऱ्याचा: 'फोन उचलत नाहीत.' पहिला फोन आला तो 'माहिती व्हेरिफाय करायची आहे' म्हणून. तो फुकट. पत्ता दुरुस्त झाला आणि पाठोपाठ सेल्सवाल्याचा फोन. 'मॅडम, तुमच्या कॅटेगरीत तुमच्या भागातून रोज सर्च होतायत. सध्या ते सगळे कॉल तुमच्या कॉम्पिटिटरला जातात. पहिल्या तीनात एकच जागा उरलीये.' ही उरलेली जागा दर फोनला उरलेलीच असायची. पुढे कळलं की 'पहिले तीन' म्हणजे पैसे भरणाऱ्या सगळ्यांची आलटूनपालटून येणारी रांग.

प्रत्यक्ष भेटीत त्याने लॅपटॉपवर एक आकडा दाखवला: रेटिंगमध्ये एक तारा वाढला की उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढतं. आकडा खोटा नाही. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ साली मांडलेल्या अभ्यासातला आहे. पण तो अभ्यास सिएटलमधल्या रेस्टॉरंटांचा आणि येल्प या अमेरिकन रिव्ह्यू साइटवरच्या रेटिंगचा. शिवाय वाढ दिसली ती स्वतंत्र रेस्टॉरंटांत. साखळी रेस्टॉरंटांवर तसा परिणाम दिसला नव्हता. मुख्य म्हणजे डिरेक्टरीला पैसे भरल्याने तारा वाढतो असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. रेटिंगचं महत्त्व सांगणारा आकडा घ्यायचा आणि त्याच्या जोरावर जाहिरातीचं पॅकेज विकायचं, ही हातचलाखी लॅपटॉपच्या पडद्यावर लक्षात येत नाही.

आता खरी मेख. पॅकेज सुरू झालं तशी पानावरून आमचा नंबर गेला आणि त्यांचा एक नंबर आला. त्यावर फोन केला की तो आमच्याकडे वळायचा. याला कॉल ट्रॅकिंग म्हणतात. मुळात ते वाईट नाही. जाहिरात चालते की नाही हे मोजायला दुसरा सोयीचा मार्ग नाही. गडबड आहे ती 'लीड' कशाला म्हणायचं यात. या साइट मोठ्या आणि जुन्या असतात, म्हणून सर्च इंजिनात त्यांची पानं सहज वर येतात. नुसत्या 'फ्रिज दुरुस्ती'साठी येतात तशीच आमच्या व्यवसायाचं नाव टाइप केलं तरी येतात. म्हणजे दोन वर्षांपूर्वी आमच्याकडून मशीन दुरुस्त करून घेतलेली बाई नंबर हरवला म्हणून आमचं नाव शोधते, तिला पहिल्या काही निकालांत डिरेक्टरीचं पान दिसतं, त्यावर ठळक 'कॉल करा' बटण असतं, ती ते दाबते. फोन माझ्याकडेच येतो. मी तिला नावाने ओळखते. डॅशबोर्डवर मात्र ती नवी लीड!

हे पकडलं ते आमच्या बिलांच्या यादीने. प्रत्येक कामापुढे ग्राहकाचा नंबर लिहायची आमची जुनी सवय. डॅशबोर्डवरून लीडची यादी उतरवून घेता येत होती. ती मी बिलांच्या यादीला ताडून पाहिली. जुने ग्राहक तर निघालेच. त्यांच्याशिवाय 'अमक्याने तुमचं नाव सांगितलं' म्हणून फोन करणारे, म्हणजे ज्यांना डिरेक्टरीने नव्हे तर आमच्या कामाने पाठवलं होतं ते. मग नोकरी मागणारे, सुटे भाग विकणारे, वेबसाइट बनवून देतो म्हणणारे. दोन सेकंदांत कट झालेले कॉलही मोजलेले. हे सगळं वजा केल्यावर केवळ त्या पानामुळे आलेले नवे ग्राहक बोटांवर मोजण्याइतके उरले.

त्या उरलेल्यांचीही एक कथा आहे. साइटवर 'मोफत कोटेशन मिळवा' असा फॉर्म असतो. तो भरला की चौकशी एकाकडे जात नाही, त्या कॅटेगरीत पैसे भरणाऱ्या अनेकांकडे एकदम जाते. मी फोन लावला की पलीकडून वैतागलेला आवाज: 'अहो, मी एकदाच विचारलं होतं, सकाळपासून फोन थांबत नाहीयेत.' अशा माणसाला काम द्यायला लावायचं तर उरतो फक्त भाव पाडणं. नीट निदान करून मगच दर सांगणारा कारागीर या स्पर्धेत मागे पडतो आणि फोनवरच आकडा फेकणारा पुढे जातो. दुरुस्तीच्या धंद्याला याहून वाईट सवय लागू शकत नाही, असं माझं मत आहे.

हे आमच्याच बाबतीत घडलं असंही नाही. अमेरिकेत घरदुरुस्तीच्या कामांच्या लीड विकणाऱ्या होमॲडव्हायजर या कंपनीवर फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी ग्राहक-संरक्षण संस्थेने मार्च २०२२ मध्ये हाच मुद्दा धरून तक्रार दाखल केली. आरोप असा की लीडचा दर्जा, त्या कुठून येतात आणि त्यातून किती कामं मिळतात याबद्दल सेवा देणाऱ्या छोट्या व्यावसायिकांची दिशाभूल झाली. २०२३ मध्ये कमाल ७२ लाख डॉलर देण्याच्या अटीवर ते प्रकरण मिटलं. तक्रार ग्राहकांच्या वतीने नव्हती, लीड विकत घेणाऱ्या व्यावसायिकांच्या वतीने होती. लीड विकत घेणारा हाही गिऱ्हाईकच असतो, आणि त्यालाही फसवता येतं.

मी ताडून पाहिलेल्या याद्या सेल्सवाल्याला पाठवल्या. तोवर तो कंपनी सोडून गेला होता. नंतर प्रत्येक वेळी नवं नाव, नवा आवाज आणि तेच वाक्य: 'तुमची केस पुढे पाठवली आहे.' करारात लिहिलेलं होतं की लीडची संख्या किंवा दर्जा याची हमी नाही, आणि करारात नसलेलं कुठलंही तोंडी आश्वासन बंधनकारक नाही. म्हणजे आम्हाला जे काही विकलं गेलं होतं ते सगळं तोंडी, आणि जे लेखी होतं त्यात काहीच विकलेलं नव्हतं.

पॅकेजबरोबर 'रेप्युटेशन मॅनेजमेंट' नावाचं एक शेपूट होतं. त्यात सुचवलं गेलं की रिव्ह्यूची लिंक फक्त खूश दिसणाऱ्या ग्राहकांना पाठवा, आणि थोडे जास्त भरलेत तर 'सुरुवातीचे रिव्ह्यू आम्ही सेट करून देऊ.' हे मी तिथेच थांबवलं, आणि कुणालाही हेच सांगेन. गूगलच्या नियमांत निवडक खूश ग्राहकांकडूनच रिव्ह्यू मागणं आणि रिव्ह्यूसाठी सवलत किंवा बक्षीस देणं, दोन्हीला मनाई आहे. पकडलं गेलं तर रिव्ह्यू उडतात आणि प्रोफाइलवर निर्बंध येतात. कायदेही कडक होत चाललेत. अमेरिकेत खोटे रिव्ह्यू विकणं आणि विकत घेणं याविरुद्धचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून खोट्या रिव्ह्यूंवर कायद्याने बंदी आली. भारतात भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, तेव्हा ते ऐच्छिक ठेवलं होतं. कारवाई झाली तर रिव्ह्यू 'सेट' करून देणारा फोन उचलणार नाही आणि नाव तुमचं जाईल.

पैसे दर महिन्याला बँकेतून आपोआप कापले जायचे. मुदत संपली तरी कपात सुरूच, कारण संपण्याआधी ठरावीक दिवसांत लेखी नकार दिला नाही तर करार आपोआप पुढे सरकतो, अशी अट बारीक अक्षरांत. त्यांच्याकडे रद्द करायला सांगितलं की फोन 'रिटेन्शन टीम'कडे जातो आणि तिथे नवी सवलत सुरू होते. ईमेलने लेखी नोटीस दिली आणि त्याच वेळी बँकेत जाऊन ऑटो-डेबिटची परवानगी काढून घेतली, तेव्हा कपात थांबली. बँकेला त्यासाठी डिरेक्टरीची संमती लागत नाही. त्यांचा माणूस लागते म्हणाला होता.

पैसे थांबले तरी पान राहिलं. एका ताऱ्याचा रिव्ह्यू पुन्हा सगळ्यांत वर आला आणि आमच्या नावाखाली पैसे भरणाऱ्या इतरांची यादी झळकू लागली. याला सरळ खंडणी म्हणावंसं वाटतं. पण त्या शब्दावर कोर्टात फार काही उभं राहत नाही, हे माहीत असलेलं बरं. येल्पविरुद्ध काही छोट्या व्यावसायिकांनी नेमका हाच आरोप केला होता. येल्पने तो नाकारला. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील कोर्टाने म्हटलं की मांडलेल्या गोष्टींवरून खंडणी सिद्ध होऊ शकत नाही, फार तर ती कठोर सौदेबाजी म्हणता येईल. त्यामुळे भांडायचंच असेल तर ते 'लीड'च्या व्याख्येवर, कापलेल्या पैशांवर आणि लेखी पुराव्यावर भांडावं.

सगळ्यांत जास्त त्रास दिला तो त्या वळवलेल्या नंबरने. डिरेक्टरीतली माहिती इतर छोट्या साइट उचलतात, त्यामुळे आमच्या नावापुढे त्यांचा नंबर ठिकठिकाणी पसरला होता. करार संपल्यावर तो आमच्याकडे वळणं बंद झालं. लोक फोन करत राहिले आणि आम्ही धंदा बंद केला असं समजले. एका जुन्या ग्राहकाने भावाला रस्त्यात विचारलं, तेव्हा हे कळलं. मग एकेका साइटला लिहून नंबर दुरुस्त करणं, हे काम अजून संपलेलं नाही.

मग असल्या डिरेक्टरीला पैसे कधीच देऊ नयेत का? तसं मी म्हणणार नाही. धंदा अगदी नवा असेल, कुणी नावाने शोधत नसेल, तर येणारा प्रत्येक फोन खरोखर नवा असतो. कुलूप उघडणं, फुटलेला पाइप अशी तातडीची कामं असतील तर लोक दिसेल त्या पहिल्या नंबरवर फोन करतात. तिथे वरची जागा उपयोगी पडू शकते. पण आधी फुकटातलं करून घ्यावं. गूगल बिझनेस प्रोफाइल, बिंग प्लेसेस, ॲपलच्या नकाशावरची नोंद, यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. तिथे नाव घालायचे कुणी पैसे मागत असेल तर फोन ठेवावा. मग ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता, आपल्या नावाऐवजी आपल्या कामाचा प्रकार आणि परिसर टाकून पाहावा. डिरेक्टरी तिथे वर दिसत नसेल तर तिचं पॅकेज घेण्यात अर्थ नाही, मग लॅपटॉपवर काहीही दाखवोत.

दिसत असेल तर ईमेलवर उत्तरं मागावीत: माझं नाव टाइप करून आलेला कॉल लीड धरता का, एक चौकशी किती जणांना देता, पानावरचा नंबर कोणाचा, करार संपल्यावर तो किती काळ माझ्याकडे वळत राहील. 'फोनवर समजावतो' असं उत्तर आलं तर ते नकारच समजावं. आणि जे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी एक गोष्ट: रद्द करण्याचा ईमेल पाठवण्याआधी लीडची पूर्ण यादी, कॉल रेकॉर्डिंग आणि पानाचे स्क्रीनशॉट उतरवून घ्या. आमचं लॉगिन नोटीस पोहोचली त्याच दिवशी बंद झालं होतं, आणि हातात राहिली ती मी आधी उतरवलेली यादीच.