वरण की चून? नागपुरात एकट्यानं रांधायचं तर

भाच्याला हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि त्यानं त्रिमूर्तीनगरात खोली घेतली. पहिले दोन महिने मेस लावून काढले. तिसऱ्या महिन्यात रात्री साडेनऊला फोन. "मावशी, मेसचं वरण म्हणजे पिवळं पाणी आहे. सोडली मी मेस. पण डाळ एवढी महाग, म्हणून रोज नूडल्सच खाऊन राहिलो."

एक शेगडी, पाच किलोचा छोटा सिलिंडर, तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक गंज (पातेलं), एक सराटा (उलथनं). फ्रीज नाही. एवढ्यावर रोज रात्री जेवायला काय करायचं, हा त्याचा प्रश्न. खोली घेऊन राहणाऱ्या बऱ्याच पोरापोरींचा तोच असतो. त्याला तुकड्यातुकड्यांनी फोनवर जे सांगत गेले, ते इथे सलग लिहिते. भाव लिहीत नाही. ते इतवारीच्या बाजारात एक आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरे असतात, आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही बदलतात. वाटीचं माप तेवढं टिकतं.

मेसचं आधी उरकते. दोन्ही वेळची मेस आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक यात एकच निवडायला हवं असं काही नाही. दुपारी माणूस कामावर असतो, तेव्हा डबा लावावा किंवा कँटीनमध्ये खावं. रात्रीचं घरी करावं. एकट्या माणसाला दोन्ही वेळ रांधणं महिनाभर जमतं, मग कंटाळा येतो आणि तोच कंटाळा नूडल्सपर्यंत नेतो.

आता मुख्य मुद्दा: तूर की बेसन?

पिठल्याला आमच्याकडे कुणी नुसतं बेसन म्हणतं, खेड्याकडे चून म्हणतात. दुकानातली भावाची पाटी बघितली तर तूर पहिल्याच नजरेत हरते, कारण हरभऱ्यापेक्षा ती जवळजवळ नेहमीच महाग असते. भाच्याचं गणित तिथेच थांबलं होतं. पण आपण किलो खात नाही, ताट खातो. माझ्या घरच्या वाटीत बेसन ८० ग्रॅम बसतं आणि तुरीची डाळ १३०. वाटीभर बेसनात तीन वाट्या पाणी घातलं की दोन माणसांचं पिठलं होतं, म्हणजे माणशी ४० ग्रॅम. वाटीभर डाळीचं वरण चौघांना पुरतं, म्हणजे माणशी ३२-३३. महाग डाळ कमी लागते, स्वस्त पीठ जास्त लागतं, आणि पाटीवरचा फरक ताटात येईपर्यंत बराच बुजतो.

त्यात तेल धरा. गोड्या वरणाला तेल लागतच नाही. हळद, हिंग, मीठ, बोटभर गूळ आणि वरून जमलं तर तूप. पिठल्याच्या फोडणीला दोघांत दीड-दोन मोठे चमचे जातात. कोरडा झुणका तर तेल पितो. त्यात हात आखडला तर घास घशात अडकतो, आणि अडकू द्यायचा नसेल तर वाटीभर बेसनाला तीन-चार चमचे तेल ठरलेलं. "झुणका-भाकर म्हणजे गरिबाचं जेवण" असं म्हणणाऱ्यांनी बहुधा स्वतः झुणका परतलेला नसतो.

प्रथिनांत दोघांत फारसा फरक नाही. कोरड्या शंभर ग्रॅममागे दोन्हीकडे साधारण २० ते २२ ग्रॅम. म्हणजे ताटात सात-आठ ग्रॅम येतात, एका अंड्याहून थोडे जास्त. डाळीसोबत भात किंवा पोळी असली की एकात जे कमी असतं ते दुसरं भरून काढतं. त्यामुळे पोषणासाठी हे की ते, यावर झोप घालवायचं कारण नाही.

मग तूरच जिंकली म्हणायची? चौघांच्या घरात जिंकली. एकट्याच्या खोलीत नाही. पाव वाटी डाळ शिजायला कुकर जेवढा गॅस घेतो, जवळपास तेवढ्यातच पूर्ण वाटी शिजते. उरलेलं वरण दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं तरच हिशेब जमतो. उलट अर्धी वाटी बेसन थंड पाण्यात कालवून ठेवा (थंडच, गरम पाण्यात गुठळ्या होतात), कढईत मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, हळद घाला, त्यावर ते ओता, ढवळा, झाका. दहा-बारा मिनिटांत एका माणसाचं तयार. एक घास उरत नाही, शिळं होत नाही.

आणि इथे नागपूरचं ऊन मध्ये येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे वरण रात्रीचं सकाळपर्यंत खुशाल राहतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की सकाळचं वरण संध्याकाळी झाकण उघडताच वास मारतं, वर बारीक फेस दिसतो. मी स्वतः शाळेत नोकरीला लागले त्या वर्षी एप्रिलात सकाळी सहाला डबा भरला आणि दोनला उघडला. त्या दिवशी नुसत्या पोळीला लोणचं लावून खाल्लं. कोरडा झुणका त्याच डब्यात टिकला असता, पाणी कमी आणि तेल जास्त म्हणून. जुन्या लोकांनी शेतात भाकरीबरोबर झुणकाच का बांधून नेला, ते त्या दिवशी कळलं.

म्हणून माझा कौल असा: फ्रीज नसेल आणि एकटे असाल तर होळी ते मृग बेसन, तेही रोज ताजं आणि मोजून. थंडीत आठवड्यातून तीन दिवस तूर. दोघं मिळून खोली घेतली असेल तर बाराही महिने तूर आघाडीवर.

थंडीतलं वरण तसंही एका दिवसाचं नसतं. रविवारी रात्री कुकरमध्ये खाली डाळ, वरच्या भांड्यात भात, एकाच आचेवर दोन्ही. डाळ अर्धा तास आधी भिजवली तर शिट्ट्या कमी लागतात. पहिल्या रात्री गोडं वरण-भात. उरलेल्याला सकाळी लसणाची फोडणी. आणि पालक स्वस्त असला की त्याच डाळीत चिरलेला पालक, थोडी चिंच, गूळ, तिखट घालून डाळभाजी. आमच्या लग्नाच्या पंगतीत तिला मान आहे तो उगाच नाही. पौषात तुरीच्या ओल्या शेंगा येतात तेव्हा सोले-वांगे करावेत. शेंगा सोलायला मात्र वेळ जातो, मोबाइल बघता बघता सोलल्या तर बरं.

पाटोडीबद्दल भाच्यानं विचारलंच. सावजीच्या हॉटेलात खाऊन आला होता. पाटोडी म्हणजे पुन्हा बेसनच, दुप्पट पाण्यात घट्ट शिजवून, तेल लावलेल्या ताटात थापून कापलेलं. ती स्वस्तच आहे. महाग आहे तो तिचा रस्सा: सुकं खोबरं, खसखस, भरपूर तेल, पंधरा मसाले. महिन्यातून एकदा हॉटेलात जाऊन खावी, खोलीवर तिच्या नादी लागू नये.

बेसन घेताना एक सांभाळा. सुटं, फार स्वस्त बेसन मिळालं तर त्यात वाटाण्याचं किंवा लाखोळीचं, म्हणजे लाख डाळीचं, पीठ असू शकतं. हरभऱ्याची डाळ घ्यावी आणि चक्कीवर दळून आणावी. किंचित जाडसर दळली तर झुणका मोकळा होतो. लाखोळी भंडारा-गोंदियाकडे धानानंतरच्या ओलीवर होते आणि तिकडे खातातही. पण ती कधीमधी वेगळी आणि महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून वेगळी. तशी खाल्ल्यानं पाय कायमचे लुळे पडण्याचा आजार होतो, तेव्हा रोजच्या डाळीला स्वस्त पर्याय म्हणून तिच्याकडे बघूच नका.

सोबत काय, भाकर की पोळी की भात? भाकर थापता येत असेल तर प्रश्नच नाही. येत नसेल तर आठवडाभर पीठ वाया घालवून शिकण्यापेक्षा भात लावा. पिठलं-भात हे पूर्ण जेवण आहे. रोजच्या भाताला सुवासिक चिन्नोर लागत नाही, एचएमटी पुरतो. हा तांदूळ आपल्याच बाजूचा. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळच्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून, जपून तो वाढवला, आणि त्या काळी घड्याळाचा मोठा बोलबाला होता म्हणून नाव पडलं एचएमटी. २०१८ साली ते गेले. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे ब्रँडेड आहे!"

भाजी संध्याकाळी उशिरा घ्या. गोकुळपेठेत असो की सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात, उठता उठता वाटे लावून विकतात तेव्हा आलू, वांगे, टमाटे हाताला लागतात. पुणे-मुंबईकडून आला असाल तर एवढं लक्षात ठेवा की इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं मागायला गेलात तर जुडी हातात पडेल.

पिण्याचं

इथे निवड सोपी आहे, तरी लोक चुकतात. उन्हातून आल्यावर दुकानातली थंड बाटली उघडतात. कोलाच्या दर १०० मिलीलीटरमध्ये दहा-अकरा ग्रॅम साखर असते. पाव लिटरच्या बाटलीत पाच-सहा चहाचे चमचे झाले. घामाबरोबर मीठ जातं आणि आपण भरतो साखर.

त्याऐवजी ताक किती होतं बघा. अर्धा लिटर दुधाचं दही लावलं आणि तिप्पट पाणी घालून घुसळलं तर दोन लिटर, म्हणजे आठ ग्लास. मीठ, भाजलेलं जिरं, सांबार. अडचण एकच, मेमध्ये दही तीन-चार तासांत लागतं आणि तितक्याच घाईनं आंबट होतं. फ्रीज नसेल तर कामावरून आल्यावर विरजण लावावं, झोपण्याआधी ताक करून अर्धं प्यावं आणि उरलेल्यात ज्वारीचं पीठ कालवून ठेवावं. सकाळी मीठ-लसूण घालून शिजवलं की अंबील. ते पेय आहे की नाश्ता, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला ते पोह्यांपेक्षा बरं वाटतं, पण तर्री-पोह्यांच्या गावात हे मोठ्यानं बोलायची सोय नाही.

पन्हं ताकापेक्षा महाग पडतं असा समज आहे. वादळानंतर पडलेल्या कैऱ्या ढिगानं विकायला येतात त्या आठवड्यात तसं नसतं. अर्धा किलो कैरी उकडून गर काढायचा, गराच्या दीडपट गूळ, मीठ, वेलची किंवा जिरं. ग्लासाला दोन-तीन मोठे चमचे घातले तरी दहा-बारा ग्लास होतात. फ्रीजमध्ये हा गर आठवडाभर राहतो, बाहेर मात्र दोन दिवसांच्या वर भरवसा धरू नये. चवीत पन्हं ताकाला हरवतं. रोजच्या खर्चात, पचायला आणि गोडाच्या हिशेबात ताक पुढे. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला पन्हं, स्वतःला ताक, असं आमच्याकडे आपोआप ठरून गेलं आहे.

लिंबू उन्हाळ्यात इतकं चढतं की सरबत ही चैन होते. एक लिंबू ताकाच्या तीन ग्लासांशी तोलून बघा.

आणि संत्री. नागपुरात राहतो म्हणजे उन्हाळाभर संत्र्याचा रस, अशी बाहेरच्यांची कल्पना असते. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चकडे. खऱ्या तलखीत चांगलं फळ संपत आलेलं असतं. एका ग्लासाला चार-पाच फळं जातात. शिवाय आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळानं कडवट होतो. बिया आणि पापुद्र्यात लिमोनीन नावाचं जे असतं त्यानं. हंगामात सोलून खावीत, रसाच्या मागे लागू नये.

एक माप फ्रीजवर नाही तर भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. उन्हानं गळाल्यासारखं झालं, जुलाब-उलट्या झाल्या तर हे घोट घोट प्यायचं. माणूस बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली तर मात्र तोंडानं काही न देता सरळ दवाखाना.

नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. अर्धा किलो हरभरा डाळ दळून आणली, पाव किलो तूर ठेवली आहे, माठ घेतला, विरजणही शेजारच्या काकूंकडून मिळालं.

"मग आज काय केलं?"

"झुणका. मावशी, पण घशात अडकून राहिला ना."

तेल आणायचं विसरला होता.