गोरिला ट्रेकसाठी मास्क: धंतोलीत घेताना काय बघाल

युगांडा-रवांडात गोरिला बघायला जाणार असाल तर मास्क नागपुरातूनच न्या. धंतोलीतल्या मेडिकलमध्ये एन-९५ मागताना एक गोष्ट नक्की बघा: पुढे प्लास्टिकची झडप नको. झडपेमुळे श्वास मोकळा वाटतो खरा, पण आपला उच्छ्वास न गाळताच बाहेर पडतो, आणि इथे तर आपल्यापासून गोरिलाला वाचवायचंय. माणसाची सर्दी त्यांना न्यूमोनियापर्यंत नेते. २००९ मध्ये रवांडात माणसांकडच्या मेटान्यूमोव्हायरस या सर्दी-खोकल्याच्या विषाणूची लागण झालेल्या कळपातली एक मादी आणि एक पिल्लू दगावलं.

बिनझडपेचा, डोक्यामागून दोन पट्टे जाणारा मास्क उत्तम. नाकावरची तार नीट दाबली की कडेने हवा निसटत नाही, चष्म्यावर वाफही धरत नाही. दोष एकच: चढणीवर घामाने भिजतो, मग श्वास अडतो आणि माणूस तो हनुवटीखाली ओढतोच. म्हणून तीन-चार घ्या, झिपच्या पिशवीत कोरडे ठेवा आणि कळप जवळ आल्यावर नवा चढवा. भिजलेला पिशवीतच परत आणा, जंगलात टाकू नका.

मास्क असला तरी अंतर राखायचंच. खोकला किंवा ताप असेल तर त्या दिवशी जाऊच नका, परमिटचे पैसे बुडाले तरी चालतील.