आगाऊ शुश्रूषा-नियोजनाची सेवा: बैठक उत्तम, कागद मात्र कपाटात

माझी आत्या ज्या निवासी शुश्रूषा केंद्रात राहते, तेथे प्रत्येक रहिवाशासाठी आगाऊ शुश्रूषा-नियोजनाची सेवा दिली जाते. पुढे आजार बळावला आणि स्वतःचे म्हणणे सांगता येईनासे झाले, तर कोणते उपचार करावेत, कोणते टाळावेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे समज शाबूत असतानाच ठरवून लिहून ठेवण्याची ही पद्धत आहे. केंद्राच्या माहितीपत्रकात या सेवेच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या आहेत. केंद्र निवडताना मात्र खोली आणि फिजिओथेरपी यांच्या आधी तिची चौकशी करावी, अशा मताची मी आता झाले आहे.

पहिली जमेची बाजू म्हणजे दाखल होण्याच्या दिवशी सही मागितली गेली नाही. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने रुग्णालये आणि शुश्रूषागृहे यांना दाखल होणाऱ्या माणसाला या हक्काची लेखी माहिती देणे बंधनकारक केले, आणि त्या दिवशी माहिती देण्यात गैर काहीच नाही. पण अनामत रकमेची पावती, औषधांची यादी आणि कपड्यांवर नाव घालण्याच्या सूचना यांच्या गठ्ठ्यातून हाही कागद सहीसाठी पुढे सरकवला, तर घरचे लोक तो न वाचता सही करून मोकळे होतात. येथे आत्या नव्या जागी रुळेपर्यंत थांबून मग बैठकीची वेळ घेण्यात आली.

बैठक घेणाऱ्या सिस्टरांनी आधीच चौकशी करून आत्याला सकाळच्या वेळी सर्वांत स्पष्ट सुचते, हे जाणून घेतले होते. तिला स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. दुपार कलली की नावे आणि नाती यांचा घोळ होऊ लागतो. मात्र विसर पडू लागला म्हणजे निर्णयशक्ती संपली, असे होत नाही. अमुक एक निर्णय अमुक वेळी समजून-उमजून घेता येतो की नाही, एवढेच पाहायचे असते. डॉक्टरांनी तेच पाहिले. सांगितलेली गोष्ट आत्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगितली, तिचे कारण दिले आणि दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर दिले, तेव्हाच ते नोंदवले गेले. मला शेजारी बसू दिले होते; पण तिच्याऐवजी मी बोलू लागताच, “ताई, आधी आजींना सांगू द्या,” असे म्हणून सिस्टरांनी मला थांबवले.

व्हेंटिलेटर हवा की नको, अशा प्रश्नाने सुरुवात झाली नाही, हे मला विशेष वाटले. कसा दिवस गेला की बरे वाटते, काय करता येईनासे झाले तर जगणे नकोसे होईल, कशाची धास्ती वाटते, असे प्रश्न आधी विचारले गेले. धास्तीच्या प्रश्नावर आत्या थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “माझे हात बांधायचे नाहीत.” मागच्या आजारपणात रुग्णालयात ती नाकातली नळी वारंवार उपसत असे, म्हणून तिची दोन्ही मनगटे पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधली होती. आम्ही घरचे ते विसरून गेलो होतो.

त्यामुळे नळीचा विषय ओघानेच निघाला आणि डॉक्टरांनी तो टाळला नाही. स्मृतिभ्रंश पुढच्या टप्प्यात गेल्यावर गिळणे कठीण होते आणि कुटुंबापुढे नळीचा प्रश्न हमखास येतो. अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटी अशा अवस्थेत नळीने अन्न देण्याची शिफारस करत नाही; हाताने, सावकाश, झेपेल तेवढेच भरवावे, असे सांगते. नळीने आयुष्य वाढल्याचे किंवा अन्नकण फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया टळल्याचे दिसलेले नाही. ती उपसली जाऊ नये म्हणून हात बांधण्याची वेळ मात्र येते. सीपीआरबद्दलही असेच सरळ बोलणे झाले. छाती दाबून हृदय पुन्हा चालू करण्याची ही पद्धत 1960 पासून रूढ होत गेली आणि अचानक हृदय थांबलेल्या, एरवी धडधाकट असलेल्या माणसाला तिचा लाभ होतो. अनेक आजारांनी खंगलेल्या वृद्धाच्या बाबतीत त्यातून वाचून घरी परतणारे फार थोडे, आणि बरगड्या मोडण्याची शक्यता मोठी. टीव्हीवरच्या मालिकांनी या बाबतीत लोकांची जी समजूत करून दिली आहे, ती खोडून काढण्यातच डॉक्टरांचा बराच वेळ गेला असावा. केवळ आरामासाठी उपचार म्हणजे उपचार बंद करणे, ही आमचीही समजूत होती. वेदनाशामके, धाप कमी करण्यासाठी अल्प मात्रेत मॉर्फिन, तोंड ओले ठेवणे, कूस बदलणे, हे सगळे त्यात चालूच असते, हे तेथे नीट कळले.

परदेशातला माझा आतेभाऊ व्हिडिओ कॉलवर होता आणि त्याचे पहिले वाक्य “जे जे करता येईल ते सगळे करा” हेच होते. दूरच्या गावाहून आलेले मूल आधीचे सगळे ठरलेले उलटवू पाहते, या प्रकाराला अमेरिकेतले वृद्धोपचारतज्ज्ञ 1991 पासून ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ म्हणत आले आहेत. (कॅलिफोर्नियात म्हणे तिला न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात.) डॉक्टरांनी त्याच्याशी वाद घातला नाही, तुम्हाला काय हवे यापेक्षा आईला विचारले तर त्या काय सांगतील, असे विचारले, आणि आत्याने समोरूनच उत्तर दिले. प्रतिनिधी म्हणून तिने माझे नाव घेतले, तेही त्याने ऐकले.

छापील अर्ज मात्र या संभाषणाच्या योग्यतेचा नाही. त्यात रुग्णालयात हलवावे, केंद्रातच उपचार करावेत किंवा केवळ आराम पाहावा, अशा तीन चौकटी आणि त्याखाली सहीची जागा आहे. एखादा उपचार ठरावीक मुदतीपुरता करून पाहावा आणि गुण न आल्यास थांबवावा, हा अनेक कुटुंबांना पटणारा मधला मार्ग कोठेच नाही. आत्याचे हातांबद्दलचे वाक्य सिस्टरांनी समासात, बारीक अक्षरात लिहिले, कारण त्यासाठी ओळच नव्हती. तिने मधली चौकट निवडली: न्यूमोनियासारख्या आजारात प्रतिजैविके आणि प्राणवायू केंद्रातच द्यावा, आणि त्रास आवरेनासा झाला तरच हलवावे. हा पर्याय आळशीपणाचा नाही. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात 6 शुश्रूषागृहांत झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जेथे असे नियोजन पद्धतशीरपणे राबवले गेले, तेथील रहिवाशांना रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण कमी झाले आणि मृत्यूंचे प्रमाण वाढले नाही.

सेवेची खरी परीक्षा एका रात्री झाली आणि त्या परीक्षेत ती नापास झाली. आत्याला ताप भरला, धाप लागली. ड्यूटीवर बदली सिस्टर होत्या. नियोजनाची फाइल कार्यालयाच्या कपाटात आणि किल्ली दिवसपाळीच्या इन्चार्जकडे. त्या सिस्टरांनी रुग्णवाहिका बोलावली, आणि हाती काहीच लेखी नसताना त्यांनी दुसरे काही करावे अशी अपेक्षा मी ठेवत नाही. प्रतिनिधी असूनही मला फोन आला तो आत्या रुग्णालयात पोहोचल्यानंतर. मी वॉर्डमध्ये शिरले तेव्हा तिच्या मनगटांना कापसावरून बँडेज गुंडाळून ती कठड्याला बांधलेली होती, कारण ती सलाइन ओढत होती. मोबाइलमधला अर्जाचा फोटो दाखवल्यावर तेथील सिस्टरांनी गाठी लगेच सोडल्या आणि शेजारी कोणीतरी बसून राहील अशी व्यवस्था केली. म्हणजे तो कागद मानायला कोणाचीच हरकत नव्हती. तो तेथवर आलाच नव्हता.

हा प्रश्न कोठेच सुटलेला नाही, असेही नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात 1991 मध्ये सुरू झालेल्या कामातून जो उपचार-आदेशाचा अर्ज पुढे आला, तो मुद्दाम भडक गुलाबी कागदावर छापला जातो, जेणेकरून घाईतही रुग्णवाहिकेतल्या माणसाच्या नजरेस पडावा, आणि रुग्ण जाईल तेथे तो बरोबर जातो.

मी लेखी तक्रार केल्यावर केंद्राने टाळाटाळ केली नाही, हे नमूद करते. आता अर्जाची प्रत खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूस लाल पाकिटात असते, दुसरी प्रत रुग्णवाहिकेबरोबर पाठवली जाते आणि पाळी बदलताना प्रत्येक रहिवाशाची निवडलेली चौकट वाचून दाखवली जाते. हा अर्ज आणि कायदेशीर आगाऊ निर्देश एकच नव्हेत, ही बाब मात्र कोणी आपणहून सांगत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2005 च्या कायद्यानुसार जीवरक्षक उपचारांना दिलेला आगाऊ नकार लेखी, सही केलेला आणि साक्षीदारासमोरचा असावा लागतो; भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर 2023 मध्ये प्रक्रिया सोपी झाली असली, तरी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन लागतेच. केंद्राच्या अर्जावर यांपैकी काहीच नाही, त्यामुळे तो दस्तऐवज कुटुंबाने वेगळा करून घ्यावा.

बैठकीसाठी मी या सेवेची शिफारस निःसंकोच करेन. अशी सेवा देणाऱ्या कोणत्याही केंद्राला रात्री तीन वाजता हा कागद कोठे असतो आणि तो वाचायला कोण असते, हे आधी विचारावे, आणि उत्तर गुळमुळीत आले तर ती जागा प्रत्यक्ष दाखवायला सांगावी. आमच्या केंद्राकडे एक मागणी अजून प्रलंबित आहे: अर्जावर फेरविचाराची तारीख नाही. प्रकृतीत मोठा बदल झाल्यावर आणि रुग्णालयातून परतल्यावर तरी बैठक पुन्हा व्हावी, असे मी सुचवले आहे. आत्या परतली आहे, बैठक अजून ठरलेली नाही.