फोंड्यातील रविवारचा गणितवर्ग: वर्षभरानंतरचा अभिप्राय

गोव्यातील फोंड्याच्या वरच्या बाजारात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दर रविवारी सकाळी दोन तास सहावी ते आठवीच्या मुलांसाठी गणिताचा वर्ग चालतो. माझी मुलगी सातवीचे संपूर्ण वर्ष या वर्गाला गेली. शुल्क महिना 900 रुपये असून मुले बावीस आहेत. फलकावर ‘समृद्धी’ (म्हणजे पुस्तकापलीकडे जाऊन विषय खोलात शिकवणे) हा भारदस्त शब्द वाचून मी प्रथम बिचकलो होतो, कारण असे नाव घेऊन पुष्कळ ठिकाणी पुढच्या इयत्तेचे पुस्तकच आधी उरकले जाते.

मुलगी सरकारी शाळेत शिकते. तिथे तिला गणितात कधी कमी गुण पडले नाहीत आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. पुस्तकातील उदाहरणसंग्रह फळ्यावर सोडवायचा, तो वहीत उतरवायचा आणि परीक्षेत त्याच उदाहरणांतील आकडे बदलून यायचे, अशा क्रमात मुलांचा कस लागतच नाही. नऊची विभाज्यतेची कसोटी तिला पाठ होती. अंकांची बेरीज का करायची, हे मात्र तिला कोणी विचारले नव्हते आणि तिलाही ते विचारावेसे वाटले नव्हते.

या वर्गातील पहिला संपूर्ण रविवार त्याच कसोटीवर गेला. 10, 100, 1000 या संख्या अनुक्रमे 9, 99, 999 पेक्षा एकाने मोठ्या आहेत एवढेच सरांनी सांगितले आणि 7254 ही संख्या फळ्यावर लिहून ते खुर्चीवर बसले. सात हजारांतून सात वेळा 999, दोनशेतून दोन वेळा 99 आणि पन्नासातून पाच वेळा 9 बाजूला काढले की हाती 7, 2, 5 आणि 4 एवढेच उरतात, हे मुलांनी पाऊण तास आपसांत वाद घालून शोधले. घरी आल्यावर तिने तेच मला जेवणाच्या ताटावर समजावून दिले. खरे सांगायचे तर मलाही ते त्या दिवशीच कळले.

दुसरा प्रसंग गणेशचतुर्थीच्या सुट्टीनंतरचा आहे. चोवीस मीटर जाळीने परसातील जास्तीत जास्त जागा आयताकृती कुंपणात कशी घ्यावी, असा प्रश्न होता. मुलांनी कोष्टक मांडून सहा मीटर बाजूचा चौरस आणि छत्तीस चौरस मीटर हे उत्तर काढले. मग सरांनी एका बाजूला घराची भिंत धरायला सांगितले. उत्तर सहा, बारा, सहा असे येऊन क्षेत्रफळ बहात्तर, म्हणजे अगदी दुप्पट झाले. असे का, यावर आठवीतील एका मुलाने भिंतीला आरसा मानले: आरशातील कुंपण धरले तर जाळी अठ्ठेचाळीस मीटर होते, तिचा उत्तम आकार बारा मीटर बाजूचा चौरस, आणि त्यातला निम्मा आपला. शाळेच्या तासिकेत या उत्तरासाठी वेळ मिळाला असता, असे मला वाटत नाही.

गोव्यात प्राथमिक शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलाला पाचवीपासून गणित इंग्रजीतून शिकावे लागते आणि शाब्दिक उदाहरणात ते अडते तेव्हा अडचण गणिताची की भाषेची, हे शिक्षकालाही चटकन उमगत नाही. इथे सर परिमिती आणि पेरिमीटर हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहितात, मुले आपसांत कोकणीत भांडतात आणि उत्तर इंग्रजीत मांडतात. वर्गाची ही बाजू मला सर्वांत मोलाची वाटली.

शाळेतील शिक्षकांवर सगळा दोष ढकलणे मला पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यावर बंदी घातली असली तरी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना त्यातून सूट आहे. आठवीपर्यंत कोणाला नापास न करण्याच्या तरतुदीमुळे दर्जा घसरला, असे बरेच पालक म्हणतात. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळालीही. परंतु नापास करता आले म्हणून प्रश्नपत्रिका कसदार होत नाही.

वर्गाच्या उणिवा सांगायला हव्यात. सर निवृत्त मुख्याध्यापक असून त्यांची प्रकृती जपावी लागते. ते नसले की त्यांचे सहायक आठवीचे पुस्तक उघडतात आणि आमच्यातील काही पालकांना तेच आवडते. वर्षात असे सहा रविवार वाया गेले. मुलांनी लिहिलेली रीत कोणी तपासत नाही, त्यामुळे तोंडी छान सांगणारी माझी मुलगी कागदावर अजून दोन पायऱ्या गाळते. खोलीत पंखा एकच आहे. आठवीच्या मुलांना डिसेंबरमध्ये एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप) या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या मानसिक क्षमता चाचणीचा सराव दिला गेला. ही परीक्षा सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांसाठी असून निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, तेव्हा हा सराव उपयोगीच म्हणावा लागेल.

माझा खरा आक्षेप प्रवेशचाचणीला आहे. शेजारच्या मुलाला घेऊन मी गेलो, तेव्हा त्याला अपूर्णांकांची बेरीज जमली नाही म्हणून नम्रपणे परत पाठवले. ज्याला शाळेत काही मिळाले नाही, त्यालाच इथेही दार बंद. सरांना मी हे बोलून दाखवले. बावीस मुलांत पाया शिकवायला बसलो तर बाकीचे कंटाळतील, हे त्यांचे उत्तर मला चूक वाटले नाही, पटलेही नाही. मुलीचे आठवीसाठीचे शुल्क मी भरले आहे आणि तो मुलगा सध्या रविवारी आमच्या पडवीत तिच्याकडून अपूर्णांक शिकतो आहे.