क्विकमॅप: चंद्रावरची खनिजं शोधायला कितपत कामाचा?

ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या एलआरओसी गटाचा (चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाचा कॅमेरा सांभाळणाऱ्या गटाचा) क्विकमॅप हा चंद्रनकाशा फुकट आहे, नावनोंदणी लागत नाही, थेट ब्राउझरमध्ये उघडतो. लॅपटॉप मात्र हवाच. माहितीचे चार थर एकावर एक चढवून मोबाइलच्या पडद्यावर काही सुधरत नाही. मराठी-हिंदी नाही, सगळा कारभार इंग्रजीत.

पारख करायची तर इल्मेनाइट घ्या. लोह, टायटॅनियम आणि ऑक्सिजनचं हे खनिज हायड्रोजनमध्ये 900-1000 अंश सेल्सिअसला तापवलं की पाणी सुटतं, त्यातून ऑक्सिजन. पण शुद्ध इल्मेनाइटमागेही वजनाच्या जेमतेम साडेदहा टक्के ऑक्सिजन सुटतो, त्यामुळे माती टायटॅनियमने भरलेली हवी. टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चालू करा, थोडा पारदर्शक करा आणि अपोलो 11 च्या जागेवर जा: 0.67 अंश उत्तर, 23.47 अंश पूर्व. तिथून वायव्येला सरकत सेरेनिटाटिस या गडद लाव्हा-मैदानात शिरा. दक्षिण कडेचा गडद पट्टा ओलांडला की टायटॅनियमचा आकडा धाडकन खाली येतो. दोन्हीकडे बेसॉल्टच (थिजलेल्या लाव्हाचा खडक), पण आतलं टायटॅनियम वेगळं. या कामात क्विकमॅपला तोड नाही.

आता फसगत कुठे होते ते. टायटॅनियमचा थर 321 आणि 415 नॅनोमीटरच्या उजेडाच्या गुणोत्तरावरून काढलाय, म्हणजे दिसते ती फक्त वरची साय. खाली पाच मीटरवर काय आहे, याचा पत्ता नाही. साधारण 2 टक्क्यांखालचे आकडे तर धरूच नका. थोरियम या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या थराचं दुखणं वेगळं: लूनर प्रॉस्पेक्टर या यानाच्या नकाशात एक चौकट अर्ध्या अंशाची, विषुववृत्तावर 15 किलोमीटरची. झूम करत गेलात तरी माहिती वाढत नाही, नुसता रंग पसरतो. अर्ध्या मीटरच्या फोटोवर तो रंग चढवून ‘या विवरात थोरियम आहे’ म्हणणं म्हणजे जिल्ह्याच्या सरासरी पावसावरून आपल्या अंगणातली बादली मोजणं.

बर्फासाठी आधी नकाशाचं प्रक्षेपण (गोल चंद्र सपाट दाखवायची पद्धत) बदलून ध्रुवीय घ्या, नाहीतर ध्रुव आडवा ताणलेला दिसतो. कायम सावलीचा थर सावलीच दाखवतो, बर्फ नव्हे. दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात 2009 साली नासाच्या एलक्रॉस मोहिमेने घडवलेल्या धडकेतून वजनाने साडेपाच टक्क्यांच्या आसपास पाणी निघालं, पण तोच आकडा शेजारच्या विवराला लावता येत नाही.

मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमसाठी चांद्रयान-2 वरच्या ‘क्लास’ या उपकरणाची क्ष-किरण माहिती हवी असेल तर इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर खातं उघडा. तिथे फायली उतरवून हिशोब आपला आपणच करायचा.